हललं तर दिसतं

त्या मे महिन्यातल्या सकाळी मोहझरीच्या जंगलात पर्यटकांनी गाईडला वाघ दाखवला. एरवी हे उलटं व्हायचं.

"तो बघा, तिथे! जांभळीखाली," पुण्याहून आलेल्या बाई जवळजवळ श्वासानंच बोलल्या. बॅटरीवर चालणारी जिप्सी केव्हाच थांबली होती. गाडीतले सगळे एकाच दिशेला बघत होते, आणि पुढच्या सीटवर उभी असलेली गाईड सुगंधा नन्नावरेही तिकडेच बघत होती.

तिला जांभळीचं झाड दिसत होतं. त्याखालचं वाळलेलं गवत, गवतावरच्या उन्हाच्या तिरिपी, पलीकडचं पाणी, सगळं स्वच्छ दिसत होतं. वाघ नव्हता. तिनं दुर्बीण लावली. तरीही नव्हता.

मग गवतावर अधांतरी एक कान उगवला. नुसता कान. तो माशी हाकलल्यासारखा फडफडला आणि विरून गेला. पुढच्या क्षणी गवतातूनच पट्टे सुटे झाले, त्यांच्यात खांदा भरला, पाठ भरली, शेपटी ओढली गेली, आणि काही नव्हतं तिथून एक अख्खा नर वाघ चालत पाण्याकडे आला. तो पाण्यापाशी बसला, स्थिर झाला, आणि तिच्या डोळ्यांदेखत पुसला गेला. पाण्यावर फक्त एक गुलाबी जीभ उरली. ती लपलप करत होती आणि तिच्याभोवती तरंग उठत होते.

जन्म जंगलाच्या कडेला गेला होता, पण असं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं. भीती नंतर आली. आधी ती फक्त बघत राहिली.

परतताना पर्यटक उतरून गेल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "तुले दिसला नव्हता ना तो?"

ड्रायव्हर देवाजी तिचा नवरा. तो गाडी चालवायचा आणि ती जंगल दाखवायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत हे जमून गेलं होतं.

"ऊन होतं डोळ्यावर," ती म्हणाली.

त्यानं गाडी घराकडे वळवली. पण घरातलंही त्याच्या लक्षात येऊन राहिलं होतं. चहा ओतताना धार कपाच्या कडेला पडायची. मिठाचा चमचा डब्यात समोर असायचा आणि ती डबाभर हात फिरवून शोधायची. पायरी उतरताना पाय आधी हवेत चाचपायचा. पेपर वाचताना ओळ मधेच निसटायची आणि ती खालच्या ओळीत जाऊन पडायची. तालुक्याच्या चष्म्याच्या दुकानात तिनं दोनदा काचा बदलून आणल्या. दुकानदार म्हणाला, "काकू, नंबर बरोबर आहे. डोळे ठणठणीत आहेत तुमचे."

त्या पावसाळ्यात जंगल बंद राहिलं. ऑक्टोबरात फाटक उघडलं तेव्हा देवाजी एकदम बोलका झाला होता. एरवी गाडीत तोंड न उघडणारा माणूस ब्रेक दाबून मोठ्यानं विचारायचा, "सुगंधा, त्या डावीकडच्या मोहावर मधल्या फांदीले कोणतं घुबड हाय वो?" मग ती मोहाच्या मधल्या फांदीकडे बोट करून पर्यटकांना घुबडाची सगळी माहिती सांगायची. घुबड तिला दिसत नसे. पर्यटक खूश व्हायचे. नवराबायकोत या गोष्टीबद्दल एक शब्दही झाला नाही, आणि दोघांनाही ते बरंच वाटत होतं.

हे किती काळ चाललं असतं कोण जाणे. डिसेंबरात एका अरुंद वाटेवर गाडी मागं घ्यायची होती. सुगंधा मागं वळून बघत होती. सागाखाली दाट सावली होती, बाकी वाट मोकळी.

"येऊ द्या मागं," ती म्हणाली.

ती सावली म्हणजे गवा होता. गाडी त्याच्या अंगाला घासली तसा तो फुत्कारला, फिरला आणि शिंगानं मागचा पत्रा वर उचलला. क्षणभर मागची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. एक लहान मुलगी सीटखाली फेकली गेली. देवाजीनं गाडी पुढं काढली म्हणून निभावलं. कोणाला फारसं लागलं नाही. कार्यालयात सगळ्यांनी हेच धरलं की गवा अचानक आला.

घरी आल्यावर सुगंधा ओट्यावर बसून राहिली.

"गवा आला नव्हता," ती म्हणाली. "तो तिथंच उभा होता. मले हललेलं दिसते अन् उभं असलेलं दिसत नाही. आता मले कोणाले तरी दाखवा. ते लेकरू खाली पडलं असतं तर?"

देवाजीनं मान हलवली. ती मान तिला दिसली.

*

नागपूरच्या इस्पितळातल्या डॉ. मुक्ता खानझोडे नेत्र आणि मेंदू अशा दोन्हींच्या डॉक्टर होत्या. अशी जोड विद्या शिकलेले लोक आता बरेच झाले आहेत, आणि त्याचं कारण त्यांच्या टेबलावरच होतं. टिफिनच्या डब्याएवढं एक यंत्र. हनुवटी टेकायची, निळसर उजेडात बघायचं आणि पापणी मिटायची नाही. मिनिटभरात डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र भिंतीवर आलं. नारिंगी माळरानावर तांबड्या नद्या, आणि नद्यांच्या मधे बारीक चमकते ठिपके.

"हा तुमचा डोळा, सुगंधाताई. सुरेख आहे. मोतीबिंदू नाही, काही नाही. पण हे ठिपके बघा." डॉक्टर एकेका ठिपक्याजवळ बोट नेत होत्या, म्हणून ते तिला दिसले. "डोळा म्हणजे कॅमेरा, असं शाळेत सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आईच्या पोटात मूल घडत असतं तेव्हा मेंदूतूनच दोन देठ पुढं येतात, आणि त्यांच्या टोकाला हा पडदा फुलतो. म्हणजे पडदा हा मेंदूचाच भाग. कवटीतून बाहेर डोकावणारा. मेंदूत काही साचायला लागलं की त्याची खूण इथं उमटते, आणि इथं ती आम्हाला न चिरता, न टोचता बघता येते."

"मेंदूत साचलं काय?" देवाजीनं विचारलं.

"एक प्रकारचं प्रथिन. त्यानं पेशी हळूहळू मरतात. बहुतेकांच्या बाबतीत आधी आठवण जाते. काही थोड्या लोकांत ते डोक्याच्या मागच्या भागातून सुरू होतं. आणि आपण बघतो ते तिथं, डोळ्यात नाही. म्हणून डोळे धडधाकट असून दिसत नाही, आणि माणसं वर्षानुवर्षं चष्मे बदलत बसतात."

नंतर त्यांनी भिंतीवर दुसऱ्याच ठिपक्यांची गर्दी दाखवली. काय दिसतं? ठिपके, सुगंधा म्हणाली. डॉक्टरांनी एक कळ दाबली, त्यातले काही ठिपके सरकू लागले, आणि सुगंधा ओरडली, "हत्ती!" ठिपके थांबले. हत्ती गेला.

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मेंदूत दिसण्याचे रस्ते वेगवेगळे असतात," त्या म्हणाल्या. "वस्तू कोणती, हे ओळखणारा एक. ती कुठं आहे, हे सांगणारा दुसरा. आणि काही हललं का, हे बघणारा आणखी एक, फार जुना. बेडकाला समोरची मेलेली माशी दिसत नाही, उडती दिसते, ती अशाच रस्त्यानं. तुमचे पहिले दोन रस्ते खचत चाललेत. तिसरा शाबूत आहे. नुसता शाबूत नाही, फार जोरात आहे. जंगलात आयुष्य गेल्यामुळे असेल."

"बरं होते का हे?" सुगंधानं सरळ विचारलं.

"गेलेलं परत येत नाही. पण आता औषध आहे. महिन्यातून एकदा शिरेतून द्यायचं. त्यानं वेग फार कमी होतो. तुमची आठवण, बोलणं अजून पक्कं आहे. डोळ्यानं आधी सांगितलं म्हणून आपण लवकर पोचलो."

पहिल्या औषधाच्या दिवशी डॉक्टरांनी एक चष्मा आणला. जाडसर दांड्यांचा, दोन्ही कडांना मसुराएवढे कॅमेरे.

"एक डोळा मिटून बोट समोर धरा. आता दुसरा मिटा. बोट उडी मारतं ना? मागची भिंत मात्र फारशी हलत नाही. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. हे कॅमेरे आपली जागा जराजराशी, फार भराभर बदलत राहतात. त्यामुळे स्थिर जगसुद्धा या काचांत थरथरतं, आणि प्रत्येक वस्तू आपापल्या अंतराप्रमाणे वेगळी थरथरते."

"खंडोबाचा किडा असाच डुलते," सुगंधा म्हणाली. "झेप घ्यायच्या आधी. डावीकडं, उजवीकडं."

"अगदी बरोबर! अंतर मोजत असतो तो."

आधी देवाजीनं लावून बघितला. दोन क्षणांत तो भिंत धरून खालीच बसला. "सगळं गदगद हलून राहिलं जी! ओकारी येते." डॉक्टर हसल्या. शाबूत मेंदूला हे सोसत नाही, म्हणाल्या. स्थिर चित्र आणि हलतं चित्र यांचं भांडण होतं.

सुगंधानं चष्मा लावला. आधी सगळीकडे नुसती झिणझिण होती, पाण्यावर उन्हं पडल्यासारखी. मग झिणझिणीतून टेबल वर आलं. टेबलावरचा पेला आला, पेल्यामागं खिडकी, खिडकीमागं कडुनिंब. एकामागं एक, पदर उलगडावेत तसे. कोणी काही हलवलेलं नव्हतं.

ती वळली. जमिनीवर बसलेला देवाजी गप्प होता, हलत नव्हता, आणि तरी दिसत होता. गेले कित्येक महिने तो तिला फक्त बोलताना, हसताना, घास चावताना दिसला होता. गप्प बसलेलं त्याचं तोंड तिनं आज पाहिलं. कपाळावर आठ्या होत्या, गालफडं बसली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"अवो," ती म्हणाली, "तुमी एवढे म्हातारे कधी झाले?"

"तू पाहात नव्हती तेव्हा," देवाजी म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

*

मोहझरीला परतताना दोघांत पहिलं खरं भांडण झालं. देवाजीचं म्हणणं, चष्मा आहे, काम चालतं, तर गप्प राहायचं. सुगंधा ऐकेना. दुसऱ्या दिवशी ती वनपरिक्षेत्र अधिकारी कुमुदिनी आत्राम यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं गव्याचं खरं काय ते सांगितलं. आत्राम मॅडम तिच्याहून लहान होत्या आणि तिच्याच हाताखाली जंगल शिकल्या होत्या.

"मावशी, नियम आहे. पर्यटकांच्या गाडीवर आता तुम्हाला बसवता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"त्याच्यासाठीच सांगितलं, मॅडम."

देवाजीच्या गाडीवर दुसरा गाईड आला. देवाजी पहाटे जायचा, परत यायचा, जेवायचा, झोपायचा. बायकोनं आपलं न ऐकता दोघांचं आयुष्य मोडलं, असं त्याला वाटत होतं. ती घरामागच्या परसात बसून राही. परसाला लागूनच जंगल सुरू व्हायचं.

तिथं, चष्म्यातून, तिला एकेक दिसू लागलं.

आधी सागाच्या वाळक्या पानांच्या सड्यात एक रातवा दिसला. हा पक्षी दिवसभर पाचोळ्यावर बसून असतो आणि अंगावरची नक्षी हुबेहूब पाचोळ्याचीच असते. भल्याभल्यांच्या पायाखाली येतो तरी दिसत नाही. सुगंधाला तो ताटात ठेवलेल्या लाडवासारखा वेगळा दिसत होता, कारण तो पानांपेक्षा दोन बोटं उंच होता आणि दोन बोटं वेगळा थरथरत होता. नक्षीनं रंग लपवला होता. उंची कशी लपवणार? मग खोडावरचा पतंग दिसला, सालीला चिकटलेला. काडी होऊन बसलेला किडा दिसला. दगडाशेजारी दगड होऊन बसलेली लावरी पक्षीण दिसली. जगायचं म्हणून जे जे निश्चल बसतं, ते सगळं तिच्यासमोर आपापल्या जागी उभं राहिलं. इतक्या वर्षांत आपण किती जंगल पाहिलंच नव्हतं, या विचारानं ती सुन्न झाली. तिनं हात जोडले. कोणाला ते तिचं तिलाच कळलं नाही.

त्या महिन्यात डॉ. खानझोडेंनी तिच्या मेंदूचं चित्र काढलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मागचा भाग आणखी थोडा झिजला होता. पण हालचाल बघणाऱ्या जागेची सीमा वाढली होती. आकार ओळखायचं कामही आता तीच करत होती.

"तुमचा मेंदू पडक्या खोलीतून सामान उचलून शेजारच्या खोलीत नेतोय," त्या म्हणाल्या. "सांगितलं कोणी त्याला? मला माहीत नाही. पुस्तकात असं नाही."

"ती खोलीबी पडन एक दिवस?"

"पडेल. पण बऱ्याच वर्षांनी. खोटं सांगणार नाही तुम्हाला."

सुगंधानं मान हलवली. घरी येताच ती पुन्हा आत्राम मॅडमकडे गेली. या वेळी काम मागायला.

जंगलात दर वर्षी उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात. वणवा आला तर त्याला पुढं जायला गवत मिळू नये, म्हणून गवताचा लांबलचक पट्टा आपणच जाळून ठेवायचा. यंदा ते काम फाल्गुनापर्यंत लांबलं होतं. फाल्गुनात गवतात अंडी असतात, पिल्लं असतात. हाकारा घातला तर मोठी जनावरं पळतात. पिल्लं पळत नाहीत. जागचं हलायचं नाही, एवढंच त्यांच्या आयांनी त्यांना शिकवलेलं असतं. मग आग येते.

"रेषा पेटवायच्या आधी मले त्या पट्ट्यातून चालू द्या," सुगंधा म्हणाली.

आत्राम मॅडम विचारात पडल्या. वारा वाढत होता, वरून रोज विचारणा होत होती. "एकच सकाळ देऊ शकते, मावशी. आणि सोबतीला विश्वासाचं माणूस पाहिजे."

"ते मी आणतो," सुगंधा म्हणाली.

घरी तिनं देवाजीला एवढंच विचारलं, "येता का?" तो बराच वेळ बुटाच्या नाड्यांशी खेळत राहिला. मग म्हणाला, "येतो. तू एकटी कशी जाशीन?"

सकाळचं ऊन तिरपं होतं. कमरेएवढं पिवळं गवत टेकडीपर्यंत पसरलं होतं. पट्ट्याच्या कडेला मजूर आणि वनरक्षक उभे होते. सुगंधा पुढं, देवाजी मागं, त्याच्या काखेत बांबूच्या काठ्यांचा भारा आणि काठ्यांना लाल चिंध्या. मजुरांपैकी कोणाला यात फारसा राम वाटत नव्हता.

"इथं," सुगंधा म्हणाली.

देवाजीनं पाहिलं. गवत होतं.

"तुमच्या पायापासून हातभर. वाका."

तो वाकला. अजून वाकला. नाक जमिनीला लागायची वेळ आली तेव्हा मातीच्या रंगाची अंडी त्याला दिसली, खड्यांमध्ये खड्यांसारखी. त्यानं काठी रोवली. पुढं पाच पावलांवर ती पुन्हा थांबली. "लावरी. अंड्यावर बसली हाय." त्यानं काठी रोवली तरी लावरी हलली नाही. तिचा डोळा तेवढा चमकला. मग रातवा. मग सशाची पिल्लं, एकमेकांत घुसलेली. मग काही वेळ काहीच नाही, आणि परत एक घरटं. काठ्या संपल्या तसा वनरक्षक धावत जाऊन आणखी घेऊन आला. आता कडेचे मजूर माना उंचावून बघत होते. कोणी विड्या विझवल्या. रिकाम्या गवतावर लाल चिंध्या फडफडत होत्या आणि प्रत्येक चिंधीखाली कोणीतरी जीव मुठीत धरून बसलं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी सुगंधा उभी राहिली ती हललीच नाही. देवाजीला वाटलं, थकली. तिच्या कपाळावर घाम होता. चष्मा फार वेळ लावला की डोकं ठणकायचं.

"काय हाय?"

"चौशिंग्याचं पिल्लू," ती हळूच म्हणाली. "मान जमिनीले टेकवली हाय. कान मागं. त्याची कूस धडधडून राहिली. मले त्याचं काळीज दिसते, देवाजी."

लग्नानंतर तिनं त्याला नावानं हाक मारल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो तिच्याशेजारी उभा राहिला. समोर फक्त गवत होतं आणि तळाशी पाचोळा. तो डोळे ताणून बघत राहिला.

"तुमाले दिसलं?"

"नाही," तो म्हणाला. "पण तू सांग. मी इथंच हावो." आणि त्यानं शेवटची काठी रोवली.

दुपारी वारा पडल्यावर रेषा पेटवली. प्रत्येक काठीभोवती मजुरांनी कडेकडेनं गवत कापून, पाणी मारून आतला गोल राखला होता. आग आली, फुटली, गोलांना वळसे घालून पुढं गेली. संध्याकाळपर्यंत टेकडीपर्यंत काळी पट्टी झाली, आणि तिच्यात पिवळ्या गवताची बेटं उभी राहिली, लहानमोठी, वाकडीतिकडी. जाळरेषा अशी ठिपक्याठिपक्यांची होते हे तिथं कोणीच पाहिलं नव्हतं. आत्राम मॅडम पट्ट्याच्या कडेला उभ्या होत्या. "पुढच्या वर्षी काम जानेवारीतच काढते," त्या म्हणाल्या, "आणि तरीही तुम्ही चालाल, मावशी. तुम्हाला जमेल तोवर."

सुगंधानं चष्मा काढून डोळे मिटले होते. देवाजीनं तिचा दंड धरला. टेकडीवरच्या झाडीतून एक चौशिंगा मादी उतरली. राखेवर पाय टाकताना बिचकली, थांबली, परत पुढं आली आणि शेवटच्या बेटापाशी येऊन तिनं बारीक आवाज काढला.

तेव्हा गवतातली जमीन उठली. चार काड्यांसारखे पाय सरळ झाले, अंग झाडलं गेलं, आणि त्या पिल्लानं आईच्या पोटाखाली तोंड खुपसलं.

दूध पिताना त्याची शेपटी भराभर हलत होती. सुगंधानं डोळे उघडले. चष्मा हातातच होता.

"दिसलं," देवाजी म्हणाला. "सुगंधा, मले दिसलं!"

"मलेबी," ती म्हणाली.